काटकसर माणूस करतो, फ्रिज नाही

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. यंत्र कमी वीज खाऊ लागलं की आपण ते जास्त वापरतो आणि वाचलेली वीज पुन्हा खर्चून बसतो. याला इंग्रजीत ‘रिबाउंड इफेक्ट’ म्हणतात. त्याने ‘प्रतिक्षेप परिणाम’ लिहिलं होतं, सरांनी ते खोडून ‘उसळी’ केलं. बरोबर काय?

दोन्ही नको. ‘प्रतिक्षेप’ वाचलं की डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारताना दिसतो. उसळी मासा मारतो, नाहीतर शेअर बाजार.

पण आधी माझा एक जुना राग. मेन रोडवर फ्रिज बघायला गेलो होतो. दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, हा घ्या, हा फार काटकसर करतो.” फ्रिज काटकसर करत नाही रे बाबा, तो कमी खातो. काटकसर करायला आधी खर्च करायची इच्छा असावी लागते, मग ती मारावी लागते. फ्रिजला इच्छा नाही. पाच तारे यंत्राला मिळतात, मन मारायचं काम घरातल्यांकडेच राहतं. हा फरक पुसला की विद्यार्थ्याच्या प्रश्नाला अर्थच उरत नाही, कारण यंत्र कमी खातं आणि माणूस काटकसर सोडतो तेव्हाच हा प्रकार घडतो.

‘बचत’वर वेळ घालवत नाही. वीस-बीस, वाघ-बाघ, तसं वाचणे-बचना. हिंदीकडून आलेला पाहुणा आहे, राहू द्या.

खरी मजा ‘काटकसर’मध्ये आहे. ‘काट’ म्हणजे कापणं, ते उघड आहे. ‘कसर’ अरबी. ‘कस्र’ म्हणजे मोडणं, त्यावरून मोडलेला तुकडा, गणितातला अपूर्णांक, आणि मग उणीव. आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक हा शब्द ‘कृश’वरून काढतात. पोटातली ‘ऋ’ शेपटीला ‘र’ होऊन कशी आली, असं विचारलं तर म्हणतात, वर्णविपर्यय, म्हणजे अक्षरांनी जागा बदलल्या. वर्णविपर्यय एकदा हाताशी असला की गोदावरीचा उगमसुद्धा गंगापूर धरणात काढता येईल. दुसरे एक वक्ते ‘काटा’ धरून बसतात, तराजूचा. असो.

अरबीत हाड मोडलं की ते ‘कस्र’ आणि मोडलेलं हाड बसवणं म्हणजे ‘जब्र’. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने समीकरण सोडवण्याच्या ज्या क्रियेला ‘अल्-जब्र’ म्हटलं, ती हीच: एका बाजूला उणं पडलेलं पद दुसऱ्या बाजूला नेऊन भरून काढायचं. त्यावरून युरोपात ‘अल्जिब्रा’ झाला, आणि जुन्या स्पॅनिशमध्ये तर हाडवैद्यालाच ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत. म्हणजे आपली ‘कसर’ आणि शाळेतलं बीजगणित एकाच हाडवैद्याच्या ओट्यावर बसलेले!

इथे कुणीतरी ‘जबरदस्त’ पुढे करणार. थांबा. तो ‘जबर’ फारसी, त्याचा अर्थ वरचा. ज्याचा हात वर तो जबरदस्त. त्याच्या जोडीचा ‘जेर’ म्हणजे खालचा, त्यावरून आपण जेरीस येतो. आणि गंमत अशी की उर्दू लिहिताना अक्षराखाली इकाराची जी रेघ देतात, तिला फारसीत जेर म्हणतात आणि अरबीत कसरा. मला हे कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती. (‘कसरत’ मात्र यांची कुणी नाही. ती अरबी ‘कस्रत’, म्हणजे विपुलता. मराठीत ‘स’ सारखा दिसला तरी मुळातला वेगळा.)

आता माझं मत, कोशात शोधू नका. ‘काटकसर’ या शब्दातच पुढची गोष्ट दडलेली आहे. काट मारली की कसर राहते, आणि मराठी माणूस कसरीचं काय करतो? भरून काढतो. शालीला कसर लागते तो किडा वेगळा असेलही, मला तोही परका वाटत नाही.

इंग्रजांना हे कळायला १८६५ उजाडलं. स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने ‘द कोल क्वेश्चन’ या पुस्तकात दाखवलं की स्कॉटलंडमध्ये एक टन लोखंडामागे लागणारा कोळसा एक तृतीयांशाहूनही खाली आला, तरी १८३० ते १८६३ या काळात तिथला एकूण कोळसा दहापट खपू लागला. लोखंड स्वस्त पडलं, म्हणून जास्त केलं गेलं.

आमच्या घरी इतकी वर्षं लागली नाहीत. जिन्यातला साठ वॉटचा बल्ब काढून नऊ वॉटचा एलईडी लावला. वाचले एक्कावन्न. मग सौ. म्हणाली, आता काय, गॅलरीत एक लावू. मग तुळशीपाशी, देवघराबाहेर, माळ्यावर, मोरीत, फाटकावर. सात झाले. सात नवे त्रेसष्ट! सगळे पूर्वीइतकेच तास जळतात. सहावर थांबलो असतो तर चोपन्न, म्हणजे नफ्यात होतो. वाचल्यातलं थोडं परत गेलं तर कसर भरली म्हणायचं. साठाच्या वर गेलं तर डाव उलटला. त्यालाही इंग्रजीत वेगळा शब्द आहे, ‘बॅकफायर’. आपल्याकडे ‘उलटणं’ पुरेसं आहे.

दिंडोरीकडच्या मावसभावाने द्राक्षाला ठिबक केलं, विहिरीत पाणी उरायला लागलं, तर त्याने शेजारची पडीक एकरभर जमीन बागेत घेतली. मोटर पूर्वीइतकीच चालते. त्याला दोष देत नाही. द्राक्षं वाढली, आणि पेटी आमच्याकडेही येते.

शब्दाचं राहिलंच. ‘कसरभर’ सुचला होता, पण तो वाटीभर-चमचाभरसारखा वाटतो. म्हणून ‘कसरभरणी’. पंचांगवाल्यांना भरणी श्राद्ध आठवेल, आठवू दे. अरबी शब्द कशाला, असं भाषाशुद्धीवाले विचारतील. भाषाशुद्धीवाल्या सावरकरांचं जन्मगाव भगूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यांनी घडवलेले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ मी रोज वापरतो, आनंदाने. पण ‘कसर’ काढून ‘न्यूनता’ घातली तर हाडवैद्य जातो, आणि त्याला घालवायला मी तयार नाही.

सरांना सांग, कसरभरणी स्त्रीलिंगी आहे. ‘कसरभरणी झाली’ असं लिही. आणि लेखात कुठे ‘काटकसरी फ्रिज’ असेल तर तो आधी खोड.