गणित सुटलेल्या मुलीने आंतरराष्ट्रीय आर्थिक धोरण शिकावं का?

"मॅडम, व्यापार आणि चलनांच्या बातम्या मी रोज वाचते, समजतातही. पण समीकरण दिसलं की हातपाय गार पडतात. मी या डिग्रीत टिकेन का?"

परदेशी शिकायला जायचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेल्या एका मुलीचा हा प्रश्न. राज्यशास्त्राची पदवी, निर्यात करणाऱ्या एका कंपनीच्या कागदपत्र विभागात दोन वर्षं नोकरी आणि आंतरराष्ट्रीय आर्थिक धोरणात मास्टर्स करायची मनापासून इच्छा. ओळख पटू नये म्हणून तिचे काही तपशील बदलले आहेत, प्रश्न मात्र तिचाच आहे. कायदा, पत्रकारिता, भाषा अशा शाखांतून येणारे बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. 'होईल सगळं नीट' असं म्हणून त्यांना पाठवता येत नाही, आणि 'तुमचं काम नाही' असंही म्हणता येत नाही. भीती किती आणि खरी उणीव किती, हे आधी मोजावं लागतं.

म्हणून पहिल्याच भेटीत तिच्यापुढे कागद ठेवला. एका छोट्या देशात एका वस्तूची मागणी आहे १०० वजा किमतीची दुप्पट. पुरवठा आहे २० अधिक किमतीची दुप्पट. जगाच्या बाजारात ती वस्तू १० ला मिळते. सरकारने नगामागे ५ आयातशुल्क लावलं. आता कोणाचं किती गेलं, कोणाला किती मिळालं?

दहा मिनिटांत तिने मागणी ८० वरून ७० वर आणि देशातला पुरवठा ४० वरून ५० वर आणला. अगदी बरोबर. मग सरकारचा महसूल लिहिला: ५ गुणिले ७०, म्हणजे ३५०. इथे बरेच जण अडकतात. तिला एवढंच विचारलं, "बंदरात किती नग उतरले?" ती थांबली. "वीस. बाकीचे पन्नास इथलेच आहेत, त्यांच्यावर ड्यूटी कशी लागेल?" ३५० खोडून तिने १०० लिहिले. पुढचं तिनेच पूर्ण केलं. ग्राहकांचं नुकसान ३७५, देशी उत्पादकांचा फायदा २२५, सरकारला १०० आणि उरलेले ५० कोणाच्याच खिशात जात नाहीत. आयातशुल्काची सगळी चर्चा त्या ५० भोवती आणि २२५ कोणाला मिळतात याभोवती फिरते.

दुसरा कागद मात्र कोराच राहिला. दोन वस्तू, ठरलेलं बजेट, समाधान जास्तीत जास्त कसं होईल? त्याला पार्शल डेरिव्हेटिव्ह (बाकी सगळं स्थिर धरून एकाच गोष्टीतल्या बदलाचा परिणाम) आणि लग्रांजची पद्धत (मर्यादेत राहून जास्तीत जास्त काढायची गणिती रीत) लागते. तिसऱ्या कागदावर रिग्रेशनचा, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांतून काढण्याचा, एक तक्ता होता. आयातीच्या लॉगवर अंतराच्या लॉगचा गुणांक उणे १, याचा अर्थ काय? तेही तिला सांगता आलं नाही. दोन देशांतलं अंतर १ टक्क्याने वाढलं तर व्यापार साधारण १ टक्क्याने घटतो, एवढंच उत्तर होतं. व्यापाराच्या ग्रॅव्हिटी मॉडेलचा, म्हणजे देश जितके मोठे आणि जवळ तितका त्यांचा व्यापार जास्त या मांडणीचा, हा गाभा. डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये ते मांडलं आणि आजही व्यापारकरारांचे परिणाम मोजायला तेच वापरतात.

निदान सोपं होतं. आर्थिक विचार करायची तिची कुवत शाबूत होती. कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र मात्र शाळेनंतर सुटलेलं होतं. उणीव इतकी नेमकी कळली की ती भरून काढता येते. 'माझं गणित कच्चं आहे' असं नुसतं म्हणत राहिलं तर सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही.

तिला बारा आठवड्यांचा आराखडा दिला, आठवड्याला सात-आठ तास. पहिले तीन आठवडे फलनं, घातांक आणि लॉग. लॉगवर घाई करू नये असं बजावून सांगितलं, कारण लॉगमधला फरक म्हणजे टक्केवारी, हे फक्त लहान बदलांना लागू पडतं. ५ टक्के वाढीचा (म्हणजे १.०५ चा) नैसर्गिक लॉग ०.०४९ येतो, जवळजवळ तितकाच. ५० टक्के वाढीचा येतो ०.४०५, तिथे हा आडाखा फसतो. पुढचे चार आठवडे विकलन (डेरिव्हेटिव्ह), त्यातही पार्शल डेरिव्हेटिव्ह नीट. आठवा आणि नववा लग्रांजला. शेवटचे तीन संभाव्यता, गृहीतकाची चाचणी आणि साधं रिग्रेशन.

आणि एक गोष्ट आग्रहाने सांगितली: यातला निदान एक विषय गुण मिळणाऱ्या, गुणपत्रिका देणाऱ्या कोर्समधून कर. घरी बसून केलेला अभ्यास तुला उपयोगी पडेल, प्रवेश समितीला तो दिसत नाही. जुन्या गुणपत्रिकेत गणित नसलेल्या उमेदवाराबद्दल समितीला एकच शंका असते, आणि ताजा ग्रेड तिचं उत्तर देतो. जीआरई ही प्रवेशपरीक्षा ऐच्छिक असली तरी अशा उमेदवाराने ती द्यावी. तिच्यातल्या क्वांटचे, म्हणजे गणिताच्या भागाचे, गुण १३० ते १७० या पट्टीवर येतात. चांगले आले तर पाठवावेत.

दुसऱ्या भेटीत ती बारा कार्यक्रमांची यादी घेऊन आली. नावं सारखी, आतला माल वेगळा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सैस या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या विभागातला आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र व वित्ताचा साधारण वर्षभराचा कार्यक्रम गणित पक्कं असल्याचं धरूनच चालतो. इतर काही ठिकाणी दोन वर्षं मिळतात आणि पहिलं सत्र पाया घालण्यात जातं. वेबसाइटवरचे फोटो बाजूला ठेवून तिला तीनच गोष्टी पाहायला सांगितल्या: अर्थमिती (आर्थिक आकडेवारीला संख्याशास्त्र लावण्याचा विषय) सक्तीची आहे की ऐच्छिक, आंतरराष्ट्रीय व्यापार आणि आंतरराष्ट्रीय चलनव्यवस्था हे दोन स्वतंत्र पेपर आहेत का, आणि डेटा हाताळायला स्टाटा किंवा आर ही सॉफ्टवेअर शिकवतात का. अर्थमिती ऐच्छिक आहे म्हणून एखादा कार्यक्रम निवडणं ही भीतीने केलेली निवड. नोकरीच्या मुलाखतीत नेमकं तेच विचारतात.

चलनव्यवस्थेचा पेपर का हवा, याचं उदाहरण तिला आधीच माहीत होतं. थायलंडने डॉलरला साधारण २५ बाथ हा दर धरून ठेवला होता, भांडवलाची ये-जा मोकळी होती. स्थिर दर, मोकळं भांडवल आणि स्वतंत्र व्याजदर ही तिन्ही एकत्र टिकत नाहीत. दर सांभाळताना परकीय चलनाच्या गंगाजळीचा मोठा भाग वायदे व्यवहारांत अडकला आणि २ जुलै १९९७ ला बाथचा तो स्थिर दर सोडून द्यावा लागला. ही गोष्ट सांगता येणं वेगळं आणि मॉडेलमध्ये रेषा सरकवून दाखवता येणं वेगळं. डिग्री हे दुसरं शिकवते.

मध्येच तिने विचारलं, "नंतर पीएचडी करता येईल ना?" अर्थशास्त्राची पीएचडी हेच ध्येय असेल तर ही डिग्री लांबचा रस्ता आहे. तिथे रिअल अ‍ॅनॅलिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा हे वरच्या पातळीचं गणित अपेक्षित असतं, आणि धोरणाच्या मास्टर्समध्ये ते सहसा नसतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञ भरतीत पीएचडीवाल्यांचा भरणा असतो, हेही तिला स्पष्ट सांगितलं. व्यापार मंत्रालयं, विकास बँका, संशोधन संस्था, बँकांचे देश-जोखीम विभाग, सल्लागार कंपन्या इथे मास्टर्स चालते. तिला हेच हवं होतं.

अर्जासोबत द्यायच्या तिच्या उद्देशपत्राचा पहिला मसुदा 'जगातली विषमता मला अस्वस्थ करते' असा सुरू होत होता. भावना खरी, पण असे अर्ज ढिगाने येतात. तिला विचारलं, नोकरीत रोज काय खटकतं? ती लगेच म्हणाली, "मुक्त व्यापार करार असूनही आमचे छोटे ग्राहक सवलतीचा दर घेतच नाहीत. माल कोणत्या देशात बनला ते दाखवणाऱ्या मूळस्थान प्रमाणपत्राची उठाठेव नको म्हणून पूर्ण ड्यूटी भरतात." यात संशोधनाचा प्रश्न तयारच होता. नेहमीचा दर आणि सवलतीचा दर यांत ३ टक्क्यांचाच फरक असेल आणि माल थोडा असेल, तर कागदपत्रांचा खर्च सवलत गिळून टाकतो. करार होऊनही वापरला का जात नाही, हे सहा अंकी एचएस कोडच्या, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीच्या, पातळीवर तपासता येतं. पुढचा मसुदा तिने त्या प्रमाणपत्रापासून सुरू केला. कोणत्या प्राध्यापकांचं काम या प्रश्नाला लागून आहे, हे शेवटच्या परिच्छेदात आलं.

पैशांबद्दल दोन गोष्टी बजावल्या. पदवीनंतरच्या नोकऱ्यांचा अहवाल मागवावा आणि '९० टक्क्यांना काम' असं लिहिलं असेल तर किती जणांनी उत्तर दिलं होतं ते विचारावं. उत्तर न देणारे बहुधा मोजलेलेच नसतात, आणि पुढे शिकायला गेलेलेही कधी कधी त्याच आकड्यात घातलेले असतात. दुसरी गोष्ट अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी: कार्यक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे तिथला अभ्यासक्रमांचा वर्गवारी क्रमांक, लेखी विचारून घ्यावा. पदवीनंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची असते आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटातल्या कोडला आणखी २४ महिने मिळू शकतात. ४५.०६०३, म्हणजे अर्थमिती व संख्यात्मक अर्थशास्त्र, त्या गटात आहे. ४५.०६०१, म्हणजे सर्वसाधारण अर्थशास्त्र, नाही. तेच विषय, तीच फी, आणि फरक दोन वर्षांचा. नियम बदलतात, म्हणून अर्ज भरताना पुन्हा तपासावं.

अकराव्या आठवड्यात तिने रिग्रेशनचा तो तक्ता परत मागून घेतला आणि वाचून दाखवला. संख्याशास्त्राच्या कोर्समध्ये बी प्लस मिळाला. पाच ठिकाणी अर्ज केले, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला, त्यातल्या एका ठिकाणी अर्धी फी माफ.

आता तिचा ताजा प्रश्न असा आहे की सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पहिल्या पेपरमधून सूट मिळवण्याची परीक्षा द्यावी का. पास होईल इतकी तयारी तिची झाली आहे. तरी तिला सांगितलं, देऊ नकोस. पहिल्या सत्रात तो पेपर घे, सत्राआधीचा गणिताचा वर्ग चुकवू नकोस, आणि अर्थमिती व व्यापार सिद्धांत एकाच सत्रात घेऊ नकोस. दोन्हींचे गृहपाठ एकाच आठवड्यात आले की नव्याने भरलेला पाया पहिला हलतो.