वाडीची शाळा, केंद्रशाळा की तळेगाव?

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातल्या तिन्ही शाळा सरकारी, पण जात वेगवेगळी. मावळातल्या तुमच्या वाडीवरची चौथीपर्यंतची द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, दोन किलोमीटरवरची सातवीपर्यंतची केंद्रशाळा आणि यजमान कामाला जातात त्या तळेगाव दाभाड्यातली नगरपरिषदेची शाळा. लेकीला ऑक्टोबरात सहा पूर्ण होतील म्हणता. 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणाऱ्यांना पहिलीत घेतात, तेव्हा वयाची काळजी सोडा. तिला इंजिनिअर करायचं आहे, म्हणून शिष्यवृत्तीत जास्त मुलं येणारी शाळा निवडावी का, हा तुमचा खरा प्रश्न.

माझं उत्तर: त्या फलकावरून निवडू नका. शिष्यवृत्तीधारकांची नावं सगळ्याच शाळा मोठ्या अक्षरांत रंगवतात, पण परीक्षेला वर्गातली किती मुलं बसवली होती, ते कुठेच लिहिलेलं नसतं. चार हुशार पोरं निवडून त्यांचे जादा तास घेतले की फलक सजतो. तुमच्या मुलीला गरज आहे ती वर्गातल्या मधल्या मुलाकडे लक्ष असणाऱ्या शाळेची.

ते ओळखायला एक सकाळ मोडा. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तिसरीच्या वर्गात बसा. दुसरीचं मराठीचं पुस्तक हातात ठेवा आणि मागच्या रांगेतल्या तीन-चार मुलांना एकेक धडा वाचायला सांगा. पुढच्या रांगेतली नकोत, ती गुरुजींनी दाखवायलाच बसवलेली असतात! हातच्याची वजाबाकी घालून बघा. पटावर किती आणि त्या दिवशी हजर किती, हेही विचारा. इमारत, टॅब, रंगवलेल्या भिंती यांतून कळणार नाही ते तासाभरात कळेल.

आता शिक्षकांचं गणित. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. म्हणजे वाडीवर वीस मुलं असली तर माणशी दहाच, पण एका गुरुजींकडे दोन इयत्ता. गुरुजी मन लावून शिकवणारे असले तर अशा वर्गात लहान मूल मोठ्यांचं ऐकून झपाट्याने पुढे जातं. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती, तिथे मुलंच एकमेकांना शिकवतात म्हणून आज तिचं नाव परदेशापर्यंत गेलंय. पण द्विशिक्षकी शाळेत एकाची बदली झाली किंवा एक जण निवडणुकीच्या कामाला गेला, तर अर्धी शाळा थांबते. म्हणून दोन्ही शिक्षक किती वर्षांपासून आहेत आणि बदलीला पात्र कधी होतात, हे स्पष्ट विचारा. यात कुणाला राग येत नाही. केंद्रशाळेत एक गुरुजी गेले तरी गाडं चालू राहतं.

तळेगावची शाळा मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवेन. शाळा वाईट असेल म्हणून नव्हे. यजमानांची पाळी दर आठवड्याला बदलते, असं तुम्हीच लिहिलंय. रात्रपाळी करून आलेला माणूस सहा वर्षांच्या पोरीला गाडीवर पुढे बसवून किती दिवस नेईल?

आणखी एक गोष्ट पालकांना फार उशिरा कळते. केंद्र सरकारच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहावीच्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्याच शाळेत झालेली लागतात. पुणे जिल्ह्याचं नवोदय शिक्रापूरला आहे. निवासी आहे, मोफत आहे, प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते. तिसरीला मुलगी नगरपरिषदेच्या शाळेत घातलीत तर ही वाट अरुंद होते.

मराठी माध्यमाचा बाऊ करू नका. इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा जेईई मेन 2021 पासून मराठीतूनही होते. केंद्रशाळेत सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, असेल तर चांगलंच, पण पहिलीला त्यासाठी पायपीट नको. बाराखडी पक्की नसताना 'प्लस-मायनस' घोकून काही साधत नाही.

तेव्हा तिसरीची मुलं नीट वाचत असतील तर पहिली-दुसरी वाडीवर आणि तिसरीपासून केंद्रशाळा, असा माझा कौल. चौथीनंतर तिकडे जावंच लागणार आहे. वाचत नसतील तर पहिल्याच दिवसापासून केंद्रशाळा, मात्र तिथेही आधी हीच चाचणी करा. मधेच शाळा बदलायची वेळ आली तर दाखला अडवून ठेवता येत नाही, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसरी सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. कायदाच तसा आहे.

वार्षिक परीक्षा सुरू झाल्या की नेहमीसारखे वर्ग बघायला मिळत नाहीत, म्हणून मार्चमध्येच जाऊन या. जमल्यास शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या आईशीही बोला. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि गुरुजी वेळेवर येतात की नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.