टेकडीवर वसंत बघायचाय? आधी मान वर कर!
अरे, साताऱ्याजवळच्या कास पठारावर सप्टेंबरमध्ये पायाशी फुलं असतात, इथे पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकडीवर गवत वाळून गेलेलं असतं, त्यामुळे वर झाडांकडे बघ. सकाळी सातलाच वेताळ टेकडी गाठ, ऊन चढलं की मजा संपली. निष्पर्ण झाडावर गुलाबी-पांढरे तुरे दिसले की लगेच फोटो टाकू नकोस, ते बहुतेक गिरिपुष्प, मध्य अमेरिकेतनं आणून लावलेलं (मी पण पहिल्या वर्षी फसलोय). काटेसावर आणि पांगारा, दोघांच्याही खोडाला काटे, पण सावरीला पाच जाड मांसल पाकळ्या, पांगाऱ्याची फुलं वाघनखांसारखी. पळसाचं खाली पडलेलं फूल उचल, देठाकडची काळपट मखमल बोटाने चोळून बघ. तोडू मात्र नको, मैना-शिंजीरसारखे पक्षी त्यातल्या मधावरच असतात.