दुपारी झोपतो म्हणजे मी आळशी आहे का?

“मॅडम, दुपारी डोळे मिटतात. हा आळस म्हणायचा की आजार?” हा प्रश्न मला फार जण विचारतात, आणि बहुतेक वेळा खाली मान घालून विचारतात. त्यातल्याच एका गृहस्थांची ही गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून सांगते.

चाळिशीचे, घरून काम करणारे. दुपारी जेवण झालं की पंधरा-वीस मिनिटं डुलकी लागायची. ती लपवायला ते बायकोला ‘मीटिंग होती’ आणि टीमला ‘नेटवर्क गेलं होतं’ असं सांगायचे. मग तो चोरलेला वेळ फेडण्यासाठी रात्री एक-दीडपर्यंत लॅपटॉप. रात्रीची झोप पाच तासांवर आली, तशी दुपारची डुलकी दीड तासावर गेली. उठल्यावर डोकं जड, दिवसभर चिडचिड, आणि भरपाई म्हणून रात्री आणखी उशीर. माझ्याकडे आले ते झोपेची तक्रार घेऊन नव्हे. त्यांना ‘शिस्त’ लावून हवी होती.

मी विचारलं, “टीममधलं कुणी वीस मिनिटं सिगारेट ओढायला बाहेर गेलं, तर तो आळशी?”

“नाही हो, तो उभा तरी असतो!”

या उत्तरावर आम्ही बराच वेळ थांबलो. त्यांना वीस मिनिटं जाण्याचं दुःख नव्हतं, आडवं होण्याची लाज होती. “दुपारी लोळणाऱ्याच्या हातून काही होत नाही,” हे वडिलांचं वाक्य ते लहानपणापासून ऐकत आले होते.

दुपारी एक ते चारच्या दरम्यान आपल्या शरीराच्या घड्याळात जागेपणाचा जोर थोडा ओसरतो. भरपेट जेवणाने सुस्ती वाढते हे खरं, पण न जेवताही ही ओहोटी येते. शरीर सगळीकडे सारखंच. त्याच्याकडे बघण्याची नजर मात्र समाजागणिक बदलते, आणि ते त्यांना कळणं मला फार गरजेचं वाटलं. चीनमध्ये अनेक कार्यालयांत आणि शाळांत जेवणानंतर टेबलावर डोकं टेकून झोपणं ही रोजची गोष्ट आहे. जपानमध्ये बसल्या बसल्या लागलेली डुलकी बरेचदा खपवून घेतली जाते, कारण माणूस कामाने दमलाय असं धरलं जातं. म्हणजे तिथेही झोपेला परवानगी मिळते ती कष्टाचा पुरावा म्हणूनच! स्पेनला तर जग दुपारी झोपणारा देश म्हणून हसतं. पण तिथल्या बहुसंख्य लोकांची आज रोज दुपारची झोप होत नाही, आणि जिथे दुपारची लांब सुट्टी टिकून आहे तिथे काम संध्याकाळी उशिरापर्यंत चालतं. आपल्याकडे दिवसा झोपू नये असं सांगताना चरकसंहितेचा आधार दिला जातो. त्याच ग्रंथात उन्हाळ्यात ती मुभा आहे; आणि वृद्ध, बालक, दुर्बळ, श्रमाने थकलेले यांना तर एरवीही आहे. हे ऐकल्यावर गृहस्थ पहिल्यांदा मोकळे हसले.

1990च्या दशकात नासाने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणात आळीपाळीने 40 मिनिटं विश्रांती दिली होती. ते सरासरी 26 मिनिटं झोपले आणि विश्रांती न मिळालेल्यांपेक्षा पुढे जास्त सावध राहिले. शेकडो प्रवाशांचा जीव ज्यांच्या हाती, त्यांना कुणी आळशी म्हणत नाही.

तरी दुपारची प्रत्येक झोप निरागस असते असं मी मानत नाही. झोपेची डायरी लिहायला लावली. घोरणं, झोपेत श्वास अडखळणं, सकाळी डोकं दुखणं, गाडी चालवताना पेंग येणं, कशातच रस न वाटणं हे एकेक विचारून घेतलं. यातलं काही असतं तर आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं, कारण झोपेतला श्वसनदोष, थायरॉईड, नैराश्य यांचा माग कित्येकदा दिवसाच्या झोपेतूनच लागतो. रात्री झोपच न येणाऱ्यांना तर मी दुपारची डुलकी बंद करायला सांगते. या गृहस्थांचं तसं नव्हतं. त्यांना रात्रीची झोप पुरत नव्हती, एवढंच.

मग ठरलं ते असं: रात्री अकराला लॅपटॉप बंद, भरपाई अजिबात नाही. दुपारी तीनच्या आत गजर लावून वीस-पंचवीस मिनिटं पडायचं. त्याहून लांबलं तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं. आणि बायकोला खरं सांगायचं. त्यांना सगळ्यात अवघड गेलं ते हे शेवटचं. ती म्हणाली, “मला माहीत होतं, तुम्ही घोरता तेव्हा मी फोन बाजूला ठेवते.” घोरण्याचं हे आम्हाला दोघांनाही नवीन होतं, म्हणून तपासणी करून घेतली, काळजीचं काही निघालं नाही.

रात्रीची झोप सात तासांच्या आसपास आली, तशी दुपारची आपोआप आखूड झाली. काही दिवस तर ती लागतही नाही. ऑफिसात मात्र त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कॅलेंडरवर दोन ते अडीच ‘उपलब्ध नाही’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि मी त्यासाठी त्यांच्या मागे लागत नाही. नोकरी त्यांची आहे, वरिष्ठ कसे आहेत हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.