खानापूर: बांधावरून घसरून बाबांचा पाय मुरगळला, एक्स-रे साफ आहे, तरी पावलाची बाहेरची कड का दुखते?
दुखणं घोट्याखाली नसून पुढे, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर असेल तर तिथल्या क्यूबॉइड नावाच्या छोट्या हाडाला चीर गेल्याची शंका घ्यायलाच हवी. अशी बारीक चीर साध्या एक्स-रेत बरेचदा सुटते. तिरकस एक्स-रे काढून घ्या. तरी उलगडा झाला नाही तर सीटी किंवा एमआरआय. त्यासाठी बेळगाव गाठावं लागलं तरी चालेल, पण कुणाकडून चोळून घेऊ नका. हाड जागेवर असेल तर प्लास्टर किंवा पाऊल हलू न देणारा खास बूट, साधारण ४ ते ६ आठवडे. पायावर भार डॉक्टर सांगतील तेवढाच. (यंदा भातलावणी दुसऱ्यांवर सोपवा!) हाड अडकित्त्यातल्या सुपारीसारखं चेपून पावलाची बाहेरची बाजू आखूड झाली असेल, तर मात्र बहुधा ऑपरेशन लागतं. बोटं बधिर किंवा गार पडली तर लगेच दवाखाना.