जलरंगात थर दिले की गावाचं चित्र मळकट होतं, ऊन दिसत नाही. काय चुकतंय?

बहुतेक घाई चुकतेय. माझी तरी तीच चुकत होती, आणि खापर मी रंगांवर फोडत होतो.

पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. ऊन रंगवायचं नसतं, राखायचं असतं. आजोळच्या घराची चुन्याची भिंत मी पाच-सहा वेळा बिघडवली. ती जमली तेव्हा केलं एवढंच: भिंतीवर यलो ऑकरचा अगदी पाणीदार हात दिला, कौलांच्या उन्हाच्या कडा कोऱ्या सोडल्या आणि उठून चहा प्यायला गेलो. परत आल्यावर हाताची पालथी बाजू कागदाला लावली. गार लागला तर आत ओल आहे, अजून थांबायचं. अर्धवट ओल्यावर ब्रश फिरवला की खालचा रंग उखडतो आणि फुलकोबीसारखे डाग उमटतात.

मग आंब्याची सावली. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), निळा जास्त, भिंतीवरून एका दमात. खालचा पिवळसर हात त्यातून झिरपतो, म्हणून सावली जिवंत वाटते. काळा घातलात तर भोक पडल्यासारखं दिसतं. तिसरा हात फक्त दाराच्या आतल्या अंधाराला आणि वळचणीखाली. चौथा मी देत नाही. मळकटपणा बहुधा तिथेच सुरू होतो.

लांबचे डोंगर पहिल्याच हातात फिकट निळसर उरकून टाका, त्यांच्यावर झाडं मोजत बसू नका. शेताला ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा लावू नका, थोडा बर्न्ट सिएना मिसळा.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घ्या. शाळेच्या ड्रॉइंग वहीत दुसऱ्या हातालाच लगदा निघतो.

उजेड राखणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं चित्रकार सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघा. निसर्गचित्र नाही, पण जलरंगच आहे (पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात, ते सोडा). वाई-मेणवलीला घाटावर कुणी चित्र काढत बसलेलं दिसलं तर मागे उभे राहा आणि ब्रश न लावता तो किती वेळ थांबतो तेवढंच बघा.

सकाळी नऊच्या आत बसा. दुपारी सावल्या पायाशी येतात, भिंत सपाट दिसते. मी सामान आवरतो, चारनंतर पुन्हा जातो.