घर सोडून जावंसं वाटतं, मी वाईट आई का?

"मॅडम, पुस्तक वाचून डोकं फिरतं का हो माणसाचं?"

सोलापुरात विजापूर रोडला राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वाचनालयातून त्यांनी एक कादंबरी आणली होती. नवरा आणि दोन मुलांना मागं ठेवून नायिका परदेशी जाते, नव्यानं संसार मांडते, तोही एकटीचा. पुस्तक परत केलं तरी डोक्यातून जाईना. रात्री मोबाइलवर परदेशातल्या नोकऱ्या बघायच्या, सकाळी मुलीची वेणी घालताना रडायचं. "नवरा मारत नाही, पीत नाही. मग मला असं का वाटावं?"

हे वाटणं घेऊन बऱ्याच जणी माझ्याकडे समुपदेशनाला येतात, पुस्तकाचं निमित्त नसलं तरी. त्याची लाज धरली की ते जास्तच ठाण मांडतं. म्हणून मी एवढंच विचारलं, "कोणतं पान पुन्हा पुन्हा वाचलंत?"

मला वाटलं, विमानतळाचं सांगतील. त्यांनी सांगितलं भाड्याच्या खोलीचं. नायिका एकटीपुरता भात लावते, अर्धा खाते, भांडी तशीच टाकून झोपते. मग त्यांनाच हसू आलं. "आणि बगा, ती दार ओढून निघाली तेव्हा माझ्या मनात काय आलं, तर आता हिच्या घरी पाणी कोण भरणार!"

सोलापुरात नळाला काही-काही दिवसांनी पाणी येतं, तेही कधी मध्यरात्री. मोटर लावा, पिंपं भरा, घागरी भरा, सगळं या बाईंच्या अंगावर. नवरा टॉवेलच्या कारखान्यात पाळीला, सासूबाईंचे गुडघे गेलेले. शिवाय स्वतःची नोकरी आणि सगळ्यांचे डबे. माणसांचा नव्हे, या रगाड्याचा वीट आला होता.

नवऱ्याला बोलावलं. "दुसरा कोणी आहे का?" हे त्यांचं पहिलं वाक्य. बायको दमली असेल याआधी हेच कसं सुचतं, देव जाणे. शेवटी पाणी भरायचं त्यांनी घेतलं, कुरकुरत का होईना. गुरुवारची संध्याकाळ बाईंची एकटीची ठरली. सासूबाई त्या दिवशी घुश्शात असतात. असू देत.

उद्या परदेशी जायचं बाईंनी खरंच ठरवलं, तर तेही बोलू. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, त्या लहानग्या लेकीला, मनोरमेला घेऊनच.

घरात मारहाण असेल तर मात्र गोष्ट वेगळी. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. आणि घरातूनच नव्हे, जगातूनच निघून जावंसं वाटत असेल, तर भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नका. १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला आत्ताच फोन करा.